भिंतीवरचा क्लच

बाबांचा डावा गुडघा कामातून गेला, म्हणून त्यांच्या जुन्या ब्रिटिश टू-सीटरला आम्ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून घेतला. काढलेलं क्लचचं पेडल मेकॅनिकने आठवण म्हणून स्प्रिंगसकट आपल्या गॅरेजच्या भिंतीवर ठोकलं.

चार वर्षांनी बाबा पुन्हा गाडी चालवत होते. छत उघडं, तोंडाने शिट्टी. सवयीने डावा पाय रिकाम्या जागी दाबायचे आणि स्वतःलाच खदाखदा हसायचे.

गॅरेजवर परतलो तर मेकॅनिक भिंतीसमोर खिळून उभा.

"काका, अकरा वेळा क्लच दाबलात ना?"

"तुला कसं कळलं?"

त्याने पेडलकडे बोट दाखवलं. आम्ही हसलो.

बाबा माझ्या खांद्याला धरून उतरले. दोन्ही पाय जमिनीवर.

भिंतीवरचं पेडल हळूच, पुरतं आत गेलं.

"अरे वा!" बाबा खूश होऊन कुजबुजले. "बाजूला व्हा, कोणीतरी निघालंय."