उताराखालचा निकाल

कुमुदच्या लाल आणि निळी या दोन लाकडी गाड्या अशा सुसाट सुटत, की वारासुद्धा धापा टाकत मागे राही. दोन्ही तिनेच तासून घडवल्या होत्या. शर्यतीला सोबती कुणी नव्हता, म्हणून दोन्ही हातांनी गाड्या एकदम सोडायच्या आणि उतारावरून धूम ठोकायची. ती पोचेपर्यंत दोन्ही गटारात. कोणती जिंकली, देव जाणे!

आज ती तिथेच रडत बसली.

"लाल जिंकली. बोटभर पुढे होती," कोपऱ्यावरचे म्हातारे शिंपीकाका सुईत दोरा ओवत म्हणाले.

"आणि काल?"

"काल निळी. सोमवारी माशी आडवी आली, म्हणून बरोबरी."

"मग इतके दिवस सांगितलंत का नाही?"

"तू विचारलंस कुठे? मला कुणी काही विचारतच नाही, पोरी."