एक चौरस सेंटिमीटर

एकशे नऊ. तिने पुन्हा मोजले. एकशे नऊच.

पडद्यावर एका माणसाच्या टाळूचा एक चौरस सेंटिमीटर ताटाएवढा होऊन पसरला होता. मधोमध जागेची खूण म्हणून गोंदलेला निळा ठिपका होता. सहा महिन्यांपूर्वी, औषध सुरू होण्याआधी, याच वर्तुळात ब्याऐंशी केस होते. तीन महिन्यांनी त्र्याऐंशी. आज त्या विरळ केसांमधल्या गुळगुळीत, ओसाड त्वचेतून सावळे कोंब वर आले होते. वर्षानुवर्षं झोपलेली मुळं कुणीतरी नाव घेऊन हाक मारावी तशी एकामागून एक जागी झाली होती. इतक्या डोक्यांवर इतके केस मोजले, पण असं काही तिने आजवर पाहिलं नव्हतं.

नऊ वर्षं ती या खोलीत केस मोजत होती. टक्कल पडणाऱ्यांसाठी निघालेल्या नव्या औषधाचा निवाडा शेवटी इथेच व्हायचा. दोन खुर्च्या, दोन पडदे आणि मोजणारे दोघे. छायाचित्रावर नाव नसायचं, नुसता क्रमांक. कुणाला खरं औषध मिळतंय आणि कुणाला नुसतं पाणी, हेही ठाऊक नसायचं. माणूस ओळखीचा निघालाच तर चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरबाईंना सांगायचं. मग ते डोकं दुसऱ्याकडे जायचं. आजवर कुणावरही ती वेळ आली नव्हती. टाळूवरून कोण कुणाला ओळखणार?

तिने ओळखलं होतं. पहिल्याच छायाचित्रात. वर्तुळाबाहेर, चौकटीच्या कडेला एक जुना व्रण होता. तीन टाक्यांचा, त्यातला मधला वाकडा. ती सहा वर्षांची असताना तिने रागाने भिरकावलेला पत्र्याचा डबा दादाच्या डोक्यात बसला होता. टाके पडताना तो रडला नाही. रडत होती ती. तिला हसवायला म्हणून त्याने ऐन वेळी मान वळवून जीभ काढून दाखवली आणि मधला टाका वाकडा पडला.

पुढे तिला ही नोकरी लागली, तेव्हा पहिल्या दिवशी दादाच तिला या दारापर्यंत सोडायला आला होता. वर्षभरात आई गेली. दादा पोहोचला तो सगळं आटोपल्यावर. “पुन्हा मला तोंड दाखवू नकोस,” ती म्हणाली, आणि त्याने ते ऐकलं. नंबर बदलला, घर बदललं. तो कुठे आहे, मुळात आहे की नाही, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. आणि मग आठ वर्षांनी, एका सकाळी, त्याच्या डोक्याचा हा तुकडा तिच्यापुढे आला. टक्कल वडिलांसारखंच टाळूपासून सुरू झालं होतं. ती गप्प राहिली. सांगितलं असतं, तर तीन महिन्यांनी एकदा दिसणारा एवढासा दादाही गेला असता.

“काय ग, समाधी लागली का?” शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याने विचारलं. तिशीतच टक्कल पडल्यामुळे सगळे त्याला आजोबा म्हणत. “कंटाळली असशील तर माझे मोजायला घे. चहा निवायच्या आत संपतील.”

“इकडे ये. मोजू नकोस, नुसतं बघ.”

आजोबा खुर्ची ओढत आला. आधीचं छायाचित्र आणि आजचं तिने शेजारी शेजारी लावलं. त्याचं हसू विरत गेलं. हात नकळत स्वतःच्या टाळूवर गेला.

“खरंच उगवलेत ना हे?” तो अगदी हळू म्हणाला. “की मला हवेत म्हणून दिसताहेत?”

तो स्वतःविषयी बोलत होता. घाव मात्र तिच्या वर्मी बसला. मोजलं ते डोळ्यांनी, की मायेने? नखाएवढ्या जागेत सत्तावीस नवे केस. त्यातला एक जरी तिच्या आशेने उगवला असेल, तर सारंच खोटं. हे आश्चर्य खरं ठरायचं असेल, तर तिला त्यावरून हात काढून घ्यावा लागणार होता.

ती उठली आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली.

“मॅडम, या क्रमांकाचा माणूस माझा भाऊ आहे. डोक्यावरच्या व्रणावरून पहिल्याच फोटोत ओळखलं होतं मी.”

“आणि हे आज सांगतेस?”

“आज केस आलेत, म्हणून.”

डॉक्टरबाईंनी तिन्ही छायाचित्रं आजोबाकडे पाठवली, तिचे आकडे न सांगता. तासाभराने त्याची चिठ्ठी आली. ब्याऐंशी. त्र्याऐंशी. एकशे बारा.

“तू उलट तीन कमीच धरलेस,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण यापुढचे फोटो तुला बघता येणार नाहीत. कळतंय ना?”

तिने मान डोलावली.

“एक समजत नाही. चौकटीत व्रण आलाच कसा? फोटो काढणाऱ्याला आपण बजावलेलं असतं, ओळख पटेल असं काही येऊ द्यायचं नाही.” फाईल चाळता चाळता त्या पुटपुटल्या, “मोजणी कुठे होते ते रुग्णाच्या संमतिपत्रात छापलेलं असतं, पण म्हणून काही…”

त्या मध्येच थांबल्या. छायाचित्रकाराच्या टिपणांचा कागद त्यांनी तिच्यापुढे सरकवला. नावाच्या जागी क्रमांक होता. खाली तीन तारखा होत्या, आणि तिन्हींसमोर एकच ओळ :

‘व्रण फोटोत आला आहे ना, याची रुग्णाने स्वतः पाहून खात्री करून घेतली.’