दर्याने परत दिलेला नारळ

या नारळी पौर्णिमेला पोशा तांडेलचा फायदाच फायदा होता. पूर्वी ज्या बेटावर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, तिथले नारळ डोक्याएवढे आणि फुकट. खाणाऱ्याची धडगत नाही. पण दर्याला वाहायचा नारळ खातो कोण? घरात एकही न आणता त्याने ते होडीतूनच गावाला विकले. गावाने वाजतगाजत दर्यात सोडले.

आठवड्याने सून चांगुणा कळशी घेऊन उंबऱ्यात आली, तसा दारावरचा टिकटिक्या वाजू लागला. किरणं मोजणारं हे यंत्र किनाऱ्यावर घरोघरी टांगलेलं असे.

"कळशी बाहेर ठेव गो," पोशा म्हणाला.

तिने ठेवली. टिकटिक थांबेना.

"काय खाल्लंस?"

"रागावू नका, मामंजी," ती लाजली. "दर्याने परत दिलेला नारळ वाळूत सापडला. तो पोटुशीने एकटीने खायचा, असं सासूबाईच म्हणाल्या."

पोशाने टिकटिक्या तिच्यासमोर धरला. तोंडाशी तो संथ वाजला. पोटाशी मात्र आतून लाथा बसाव्यात तसा वाजत सुटला.

गावाने पैसे दिले होते, पोशाने घेतले होते, दर्याने आपला वाटा परत केला होता. किंमत मोजणाऱ्याचं अजून नावही ठेवलं नव्हतं.