समोरच्या ओसरीतला तारा

बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून सेलिनच्या वसईतल्या घरावर यंदा नाताळचा तारा लागणार नव्हता. समोर सुझानच्या ओसरीत मात्र तो पेटला. बांबूच्या काड्या, लाल पतंगी कागद आणि बाबा मारायचे तशी दुहेरी गाठ. सेलिन तरातरा अंगण ओलांडून गेली.

“हा बाबांनी केलेला?”

“नाही गं, मी केला. काकांनी शिकवलं, पावसाळ्यात, अंथरुणात बसून.”

सेलिनचा जळफळाट झाला. “मला त्यांनी कधी चाकूला हातसुद्धा लावू दिला नाही.”

“माझं बोट कापलं की म्हणायचे, ‘बघ, म्हणूनच सेलिनला शिकवलं नाही!’ माझी बोटं काय फुकटची होती?” सुझानने हसत हात पुढे धरला. बोटांवर चाकूचे बारीक व्रण होते.

सेलिनला त्या व्रणांचाही हेवा वाटला.