शेल्याचा लाल

गोविंदाने आणखी एक फुललेला तेरडा मुळासकट उपटला आणि ढिगावर टाकला.

"मामंजी, आता बस करा की!" ओटीवरून त्याची सून हौसा ओरडली. "सगळी रामवाडी हसते आपल्याला. पेरायचं तुम्ही, पाणी घालायचं मी, आणि फुलं आली की उपटायचं! गौरीला तरी दोन रोपं ठेवाल का नाय?"

गोविंदा पुढच्या रोपासमोर उकिडवा बसला. फुलाकडे बघितलं, डोळे मिटले, उघडले, पुन्हा बघितलं. तेही रोप गेलं. हौसाला सगळी फुलं सारखीच लाल दिसत. श्रावण संपेपर्यंत वाफ्यात चार-पाच रोपं उरायची. त्यांचंच बी गोविंदा कागदात बांधून पुढच्या सालासाठी ठेवायचा. चौदा वर्षं हेच चाललं होतं.

त्याआधी तो पेणातल्या एका गणपतीच्या कारखान्यात रंगारी होता. देवाच्या खांद्यावरचा शेला रंगवावा तर गोविंदानेच. मग हात कापायला लागले. एके दिवशी देवाच्या गालावर लाल शिंतोडा उडाला. मालक महिपती वयाने लहान. त्याने अदबीनेच ब्रश काढून घेतला. "काका, आता घरी आराम करा." तेव्हापासून दर श्रावणात गोविंदाचा एक कान फाटकाकडे असे. कारखान्यातून बोलावणं कधी आलं नाही.

आज फाटक वाजलं. महिपतीच उभा होता. सोबत रोह्याचे हैबतराव. त्यांच्या घरी तीन पिढ्या या कारखान्यातलाच गणपती.

"काका, यांना नऊ लाल दाखवले," महिपती घाम पुसत म्हणाला. "एक पसंत नाय. तुम्ही करायचात तो शेल्याचा लाल हवाय. ते भुकटीचे रंग आता मिळत नाहीत. डब्यातले मिसळून बघू, पण ताडायचं कशाशी? एखादा जुना ब्रश, एखादं फडकं, काही राहिलंय?"

"नाय," गोविंदा म्हणाला.

"आई नव्वदीला आली," हैबतराव म्हणाले. "तुम्ही काम सोडल्यापासून दर वर्षी म्हणते, हा आपला लाल नव्हे. यंदा तरी तिला तो दाखवायचाय. इथे जमत नसेल तर मी दुसरा कारखाना बघतो."

गोविंदा वाफ्याकडे वळला. चौदा वर्षांत आपल्याच डोळ्यांनी दगा दिला असेल तर? दर साली तीळभर, आपल्याला न कळता? कापऱ्या हाताने त्याने वाफ्यातलं एक फूल खुडलं आणि हैबतरावांच्या तळहातावर ठेवलं.

हैबतराव बघत राहिले. मग त्यांनी ते फूल आपल्याच पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर धरलं.

"हाच! अरे महिपती, हाच!"

महिपतीने ढिगातलं एक फूल उचलून शेजारी धरलं. रंगकामातच वाढलेला त्याचा डोळा; आता त्यालाही फरक दिसला. "हे जरा जांभळ्याकडे झुकतंय," तो पुटपुटला. त्याने आणखी एक उचललं, मग आणखी एक. शेवटी तो चिखलातच वाकला आणि गोविंदाच्या पाया पडला. "काका, गाडी आणलीय. ब्रश पोरं धरतील. रंग तुम्ही सांगायचा."

"आधी सगळे डबे धुऊन घ्यायला सांग त्यांना," गोविंदा म्हणाला. त्याचा एवढा मोठा आवाज हौसाने लग्न होऊन आल्यापासून ऐकला नव्हता.

"मामंजी," ती ढिगाकडे बघत म्हणाली, "मला एकदा तरी सांगायचं व्हतं."

गोविंदा चपला शोधत होता. "काय सांगू गो? दर साली देव पाण्यात जातो, संगती रंगपण जातो. कुठंतरी जिता ठेवायला नको?"