इस्पिकचा एक्का

निपाणीच्या भंगारवाल्याकडं मला पत्त्यांचा जुना अमेरिकन कॅट मिळाला आणि डोक्याला ताप सुरू झाला. बनवणाऱ्या कंपनीचं नाव इस्पिकच्या एक्क्यावर असतं, आणि माझ्या कॅटातला नेमका तोच गायब. पाठीवरच्या नक्षीचे फोटो मी जुने कॅट जमवणाऱ्यांच्या सगळ्या ग्रुपवर टाकले. वर्षभर एकच उत्तर : "एक्का दाखवा." अरे, तो असता तर तुम्हाला कशाला विचारलं असतं!

काल गौरीच्या दिवशी अखेर एका अमेरिकन म्हाताऱ्याचा मेसेज आला. "एक्का राहू दे. पानांच्या कोपऱ्यात आकडे आहेत का? नसतील तर तुमचा कॅट दीडशे वर्षांचा आहे. कोपऱ्यांचे फोटो पाठवा."

कोपरे कोरे होते! मला चांगलं आठवत होतं. मी धावत जाऊन कपाट उघडलं, तर डबा रिकामा. बाहेर गणपतीपुढं आप्पा आणि शेजारचे बसवंतअण्णा रमी खेळत बसलेले.

"आप्पा, ही माझी पानं?"

"व्हय रं. आमचा कॅट गावंना, म्हणून घेतली. एक्का नव्हता, तो लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून केलो."

आप्पांनी हातातली पानं कौतुकानं माझ्यापुढं धरली.



"आणि कसला कॅट आणलायस रं, एका बी पानावर आकडा न्हाय! सकाळधरनं बसून समद्या कोपऱ्यांत मार्करनं घातलो बघ."