देखणा अर्ज

लग्न होऊन आल्यापासून शिवलीला सासरे कल्लप्पांच्या छापखान्यात लग्नपत्रिका टाईप करायची, सगळ्या एकाच बोजड फॉन्टमध्ये. एकदा नेटवर तिला असा फॉन्ट सापडला, की त्यात स्वतःचं नाव टाईप करून ती कितीतरी वेळ बघतच बसली. अशी अक्षरं घडवायला पुण्यात शिकवतात, हेही तिला कळलं. तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून शिकायला जाऊ द्या असा अर्ज तिनं त्याच फॉन्टमध्ये छापून सासऱ्यांपुढं ठेवला.

कल्लप्पांनी तो दोनदा वाचला. "लई देखणं अक्षर हाय की," ते म्हणाले. शिवलीलाचा जीव भांड्यात पडला.

 

अर्ज गिऱ्हाइकांना दिसेल असा काउंटरच्या काचेखाली सरकवत ते म्हणाले, "आता आणि शिकायचं काय राहिलंय? उद्यापासून समद्या पत्रिका ह्याच अक्षरात कर."